वाऱ्याची चिठ्ठी

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," अम शादली म्हणाला. "कोणाचा बसलाच, तर त्यानं स्फाक्सला उतरल्या उतरल्या डॉक्टर गाठावा. मी स्वतः तिथे होतो, तरी माझा अजून बसलेला नाही."

"अम शादली, तुमच्यावर विश्वास ठेवून माझ्या आजोबांनी एकदा भर उन्हाळ्यात छत्री घेतली होती," वाएल नावाचा एक उंच पोरगा म्हणाला.

"मग? पडला पाऊस?"

"नाही."

"म्हणजे अजून पडायचाय. छत्री जपून ठेवा म्हणावं."

पोरं हसली आणि जवळ सरकली. सोमवारची पहिली लूद सिदी यूसुफचा धक्का सोडून दहा मिनिटं झाली होती. केर्केना बेटावरचे लोक त्या मोठ्या फेरीबोटीला लूद म्हणतात. मोटारी, भाजीचे टेम्पो आणि मेंढ्यांचा एक ट्रक पोटात घेऊन ती स्फाक्स शहराकडे निघाली होती. समुद्र असा, की ताटात तेल ओतून ठेवावं. वरच्या डेकवर, जीवरक्षक जाकिटांच्या पेटीवर अम शादली मांडी ठोकून बसला होता. अम म्हणजे काका. पण त्याच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही त्याला अमच म्हणत, कारण एकतीस वर्षं तो धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत बसला होता, आणि ज्याच्या हातात तिकीट तो सगळ्यांचाच काका.

आता निवृत्त होऊन त्याला चार वर्षं झाली होती. साखर तपासायला म्हणून तो दर सोमवारी स्फाक्सला जायचा. साखर महिन्यातून एकदा तपासली तरी पुरते, हे डॉक्टरनं त्याला तीनदा सांगून पाहिलं होतं. खरं कारण ही पोरं. सोमवारच्या लूदवर कॉलेजची पोरं असतात, आणि सव्वा तास ती कुठे पळून जाऊ शकत नाहीत.

पण आज त्याला नुसत्या थापा मारायच्या नव्हत्या. आज काम होतं.

काम होतं ते कठड्याला टेकून पाण्याकडे बघत असलेल्या सिरीनचं. सकाळी धक्क्यावर ती त्याच्या शेजारी येऊन बसली होती, आणि आईच्या पायाची सूज उतरली का एवढंच त्यानं विचारल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं होतं. आईचं ऑपरेशन झाल्यापासून घरात करणारी ती एकटी. कॉलेजात दोन्ही वाटा उघड्या होत्या: वर्गात या, नाहीतर फोनवर या. मात्र फोनवरची हजेरी धरायची की नाही, हे ज्या त्या मास्तरच्या मर्जीवर. बाकी सगळे धरत. आकडेवारीच्या बाई धरत नव्हत्या. लूद बंद असेल त्या दिवशी फोनवर चालेल, लूद चालू असेल तर वर्गात या, असा त्यांचा नियम. आईच्या उशाशी बसून सिरीननं अकरा तास फोनवर ऐकले होते, गणितंही सगळी सोडवून पाठवली होती. बाईंच्या वहीत ते अकरा तास गैरहजर म्हणून पडले होते. दहाच्या वर गेलं की परीक्षेला बसता येत नाही. ज्यांना बसू द्यायचं नाही त्यांची यादी आज दुपारी कचेरीत जायची होती.

"बाईंना भेटलीस?" त्यानं विचारलं होतं.

"भेटले. म्हणाल्या, नियम म्हणजे नियम."

आणि त्या बाई, मादाम नजिया, आत्ता याच डेकवर होत्या. तिसऱ्या बाकावर, पोरांकडे पाठ करून, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन बसल्या होत्या. यादी त्यांच्या पिशवीत असणार.

मादाम नजिया या वर्षीच नोकरीला लागलेल्या, तीही कराराची नोकरी. मुलगी बेटावरची. वडिलांनी क्रातेन गावातलं घर बंद केल्यावर ट्युनिसला शिकायला गेली ती सहा वर्षांनी परतली, त्यामुळे आजच्या पोरांना त्यांचं मागचं काही ठाऊक नव्हतं. अम शादलीला ठाऊक होतं. स्फाक्सवाल्यांनी 'आपल्या माणसांना सांभाळते' म्हणू नये, म्हणून ती बेटावरच्या पोरांशीच जास्त कडक वागते, हेही त्यानं ओळखलं होतं. तिला समजावायला गेलं तर ती नियम दाखवणार. रागावलं तर म्हणणार, अम शादली, तुम्ही आपली साखर सांभाळा. पण आकडेवारी शिकवणाऱ्या बाईच्या कानाशी कोणी धडधडीत चुकीचे आकडे बोलायला लागलं, तर ती किती वेळ गप्प बसेल?

त्यानं घसा साफ केला आणि आवाज तिसऱ्या बाकापर्यंत जाईल असा लावला.

"तर साथीचं वर्ष. तुम्ही तेव्हा शाळेत शेंबूड पुसत होतात. कॉलेजनं जाहीर केलं, अर्धे वर्गात, अर्धे फोनवर, ज्याला जसं जमेल तसं. झालं! अख्खं कॉलेज माझ्या धक्क्यावर येऊन बसलं."

"कॉलेज धक्क्यावर?"

"मग! बेटावर फोनला सगळ्यात जास्त ताकद येणारी जागा म्हणजे माझ्या खिडकीमागची भिंत. का, माहीत आहे? इटलीच्या एका खलाशाचं फोनचं कार्ड तिथे पाण्यात पडलं होतं आणि एका ऑक्टोपसानं ते गिळलं होतं. ते जनावर भिंतीखाली राहायचं. ते जागं असेल तोवर फोन चालायचे."

"आणि झोपलं की?"

"झोपलं की मी पाण्यात खडा टाकायचो."

ऑक्टोपस सोडला, तर भिंत खरी होती. तिची आठवण आली की अम शादलीला अजून गलबलून यायचं. सकाळी नऊ वाजता त्या भिंतीवर पंधरा-वीस पोरं चिमण्यांसारखी रांगेत बसायची. कोणाच्या फोनमधून कायदा, कोणाच्या फोनमधून इंग्रजी, कोणाच्या फोनमधून माणसाचं यकृत. कानात घालायची बोंडं तेव्हा सगळ्यांकडे नव्हती, म्हणून सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जायचं. यकृतवाला मास्तर विनोद करायचा आणि कायद्याची मुलं हसायची. मध्येच कोणाच्या घरून आईचा फोन, 'ब्रेड घेऊन ये', आणि तो अख्ख्या वर्गाला ऐकू जाई. तिकडून मास्तर म्हणे, "दोन आण, एक मला." अम शादली खिडकीत बसून बदाम घातलेला चहा करायचा आणि ऐकायचा. चौथी नापास माणूस, पण त्या वर्षात सरासरी म्हणजे काय, ताबा आणि मालकी यांत फरक काय, हे सगळं त्याच्या डोक्यात गेलं होतं. मास्तर नावं पुकारायला लागले की एक 'हजर' स्फाक्सच्या खोलीतून यायचा, एक भिंतीवरून, एक क्रातेनच्या कुठल्या गच्चीवरून, मागे कोंबडं आरवत असताना. इतकी माणसं एका वेळी इतक्या ठिकाणी हजर त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. आताची पोरं दोन्ही कान बुजवून बसतात. शेजारचा काय शिकतोय, देव जाणे.

"बाकीच्या मास्तरांचं ठीक होतं," तो पुढे म्हणाला. "पण एक होते सी तौफीक. आकडेवारीचे. जाडजूड माणूस, लूदवर चढले की लूद एका बाजूला कलायची."

तिसऱ्या बाकावरचं पेन थांबलं. सी म्हणजे साहेब, आणि खरे सी तौफीक चिमट्यासारखे होते. कोटात माणूस आहे की नुसता हँगर, हे हलल्याशिवाय कळायचं नाही.

पेन पुन्हा चालू लागलं. अम शादलीनं मनात म्हटलं, आहे, कान इकडेच आहे.

"सी तौफीक म्हणाले, मर्जीनं घरी बसाल तर मी हजेरी देणार नाही. कारण तीनच चालतील. ताप, मयत आणि वारा. तापाला डॉक्टरचा कागद, मयताला मशिदीचा, आणि वाऱ्याला..."

"वाऱ्याला कोणाचा?"

"माझा!" अम शादलीनं छातीवर हात ठेवला. "वारा असेल तर लूद बंद. लूद बंद आहे हे सांगणार कोण? खिडकी. मी चिठ्ठी लिहायचो. 'आज पूर्वेचा वारा, लूद बंद, पोरगा येऊ शकत नाही.' खाली गोल शिक्का. पोरं तिचा फोटो काढून पाठवायची. अरे, राजाच्या फर्मानाला नसेल एवढा मान होता त्या चिठ्ठीला." त्यानं खिसा चाचपला. शिक्का खिशात होता. निवृत्त होताना परत करायला विसरलो, असं तो सांगायचा, आणि हे विसरणं त्याला रोज सकाळी आठवायचं.

"आता ऐका खरी गोष्ट. त्या वर्गात एक मुलगी होती."

"नाव काय?" वाएलनं विचारलं.

"नाव सांगितलं की गोष्ट लहान होते. बेटावरची होती एवढं पुरे. जानेवारीत तिचा बाप खजुराच्या झाडावरून पडला. पाण्यात माशांसाठी झावळ्यांचं कुंपण घालायचं होतं, त्या झावळ्या तोडत होता. मांडीचं हाड मोडलं. दोघे भाऊ पॅरिसला. आणि ऑक्टोपस धरायची मडकी समुद्रात. दोनशे मडकी!"

पेन थांबलं. या वेळी जरा जास्त वेळ.

"दोनशे?" एका मुलीनं विचारलं. "एका फलुका होडीला?"

"दोनशे पाच असतील. ती मडकी सोमवारी आणि गुरुवारी सकाळी उचलावीच लागत, कारण त्याच दिवशी व्यापाऱ्याची गाडी यायची. नाही उचलली तर जनावर ऐसपैस झोप काढून निघून जातं. आणि सी तौफीकांचा तास कधी? सोमवारी आणि गुरुवारी. नऊ वाजता."

सिरीननं पाण्यावरची नजर काढून इकडे वळवली. अम शादलीनं तिच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही.

ती सकाळ त्याच्या डोळ्यांपुढे लख्ख होती. वीस वर्षांची नजिया खिडकीशी आली होती, बापाचा कोट घालून. बाह्या चार वेळा दुमडलेल्या, हाताला ऑक्टोपसाच्या काळ्या शाईचा वास. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. खांबावरचा झेंडा ओल्या विजारीसारखा लोंबत होता. तिनं विचारलं, "अम शादली, आज वारा आहे का?" त्यानं झेंड्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुला किती हवाय?" ती रडली नाही. हसलीही नाही. म्हणाली, "लूद अडेल एवढा." त्यानं लिहून दिला.

हे पोरांना सांगण्यासारखं नव्हतं. निदान, त्याच्या तोंडून नव्हतं.

"मुलगी मला विचारायची, वारा आहे का? आणि पोरांनो, दरवेळी असायचा! सोमवारी आणि गुरुवारी, नेमका! मी चिठ्ठीवर लिहितोय तोवर तिकडे लाटा उभ्या. वारा माझं अक्षर ओळखायचा. एकदा वाऱ्याच्या वेगात चुकून शून्य जास्त पडलं, तर इटलीच्या लाम्पेदुसा बेटावरची कोंबडी उडून आमच्या धक्क्यावर."

"अंडं दिलं का तिनं?"

"दिलं, पण त्याला इटालियन वास होता."

हशा झाला. एक म्हातारी बाई फ्रिकासेचा, म्हणजे सारण भरलेल्या तळलेल्या पावांचा, डबा उघडून बसली होती, तिला ठसका लागला. वाएलनं तिच्या पाठीवर थोपटलं आणि त्या सेवेच्या बदल्यात एक फ्रिकासे उचललं.

"तर मुलगी फलुक्यात. एक हात दोरीवर, एक हात वहीवर. बापाची लाल शेशिया टोपी डोलकाठीला उलटी टांगलेली, टोपीत फोन, फोनमध्ये सी तौफीक. मडकं ओढताना ती ऐकायची, मडकं रिकामं करताना लिहायची. एके दिवशी परीक्षा होती. छोटी, वीस गुणांची. तिचे दोन्ही हात गुंतलेले. फोन सरकला आणि पडला तो थेट ऑक्टोपसाच्या मिठीत. जनावरानं आठही हातांनी दाबादाबी करून पेपर पाठवून दिला. वीसपैकी चौदा!"

"वर्गात पहिलं आलं असेल!"

"दुसरं. पहिला एक स्फाक्सवाला होता. त्याला दोनच हात, पण ते दिवसरात्र चालू."

तिसऱ्या बाकावरून खोकल्यासारखा आवाज आला. मादाम नजियांची मान लाल झाली होती. हसू दाबलं की ही मान लाल होते, हे अम शादलीला तिच्या दुसरीपासून ठाऊक होतं. पण त्यांनी वळून पाहिलं नाही. पुढची उत्तरपत्रिका घेतली.

समोर स्फाक्सच्या धक्क्यावरच्या माल उचलायच्या याऱ्या दिसायला लागल्या होत्या. अम शादलीला घाई करायला हवी होती.

"पण सी तौफीक म्हणजे आकड्यांचा माणूस. मार्चमध्ये त्यांनी चिठ्ठ्या समोर मांडल्या आणि पाहिलं, केर्केनाचा वारा फक्त सोमवारी आणि गुरुवारी वाहतो. मंगळवारी नाही, शुक्रवारी नाही. त्यांनी वही मिटली, कोट घातला, आणि एका सोमवारी सकाळी स्फाक्सच्या धक्क्यावर येऊन पहिल्या लूदचं तिकीट काढलं. खिशातल्या फोनमध्ये त्याच सकाळची, माझ्या शिक्क्याची चिठ्ठी. लूद बंद आहे, असं सांगणारी!"

"मेलात!" वाएल म्हणाला.

"मी नाही, ती मुलगी मेली असती. त्या दिवशीची हजेरी गेली असती, आणि मागच्याही सगळ्या गेल्या असत्या. सी तौफीक खिडकीशी आले. 'अम शादली, वारा कुठे आहे?' मी म्हटलं, 'आत्ताच गेला, साहेब. तुमची चुकामूक झाली.'"

ही ओळ मात्र जशीच्या तशी खरी होती. सी तौफीक तेव्हा हसले नव्हते. चिठ्ठीचा फोटो उघडून फोन खिडकीच्या फळीवर ठेवून त्यांनी फक्त विचारलं होतं, "तिचं घर कुठे?" अम शादलीनं खिडकी बंद केली, एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाच वेळेआधी, आणि त्यांना मोपेडवर मागे बसवून क्रातेनला नेलं. वाटेत मुलीचं शिक्षण आपण बुडवलं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चिठ्ठी नाकारली असती तर तिनं दुसरा काही मार्ग तरी काढला असता.

फलुका किनाऱ्यापासून दूर, पण पाणी गुडघाभरच. आपल्या समुद्रात अर्धा मैल चालत गेलं तरी टोपी भिजत नाही. सी तौफीकांनी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, बूट छातीशी धरले आणि पाण्यातून चालू लागले. नऊ वाजत होते. फलुक्याशी पोहोचले तेव्हा नजिया मडकं ओढत होती. टोपीतल्या फोनमध्ये त्यांचाच वर्ग दिसत होता. तीस मुलं, कोरा फळा आणि मास्तरची रिकामी खुर्ची. तिनं वर पाहिलं. समोर पाण्यात बूट घेऊन उभा असलेला मास्तर. तिच्या हातातलं मडकं सुटलं. आणि ती म्हणाली, "हजर, सर."

अम शादली मागे पाण्यात उभा होता. त्यानं पाहिलं, सी तौफीकांनी त्या मुलीचे हात पाहिले, मग टोपी, मग शाईचे डाग पडलेली वही. वही उघडून त्यांनी दोन पानं वाचली. मग फलुक्यात चढून बसले, टोपीतला फोन काढला आणि फोनमध्ये म्हणाले, "नमस्कार. आज मी फोनवर आहे. ज्यांना माझी हजेरी धरायची नसेल त्यांनी हात वर करा."

तसा तास पुन्हा झाला नाही. "चौदा मडकी उचलली, पाचांत जनावर निघालं. पंधराव्यात निघेल का? सांगा." स्फाक्सच्या खोलीतून आरडाओरडा, भिंतीवरच्या पोरांचा आरडाओरडा, नजिया दोरी ओढतेय, आणि मडक्यातून एक भुजा बाहेर आली तेव्हा दोन्हीकडून असा जल्लोष की बगळे उडाले. शक्यता म्हणजे काय, हे त्या दिवशी अम शादलीलाही कळलं.

पोरांना त्यानं नाव वगळून हे सगळं सांगितलं. फक्त बुटांच्या जागी सी तौफीकांच्या डोक्यावर मेंढी दिली, आणि बगळ्यांच्या जागी विमान.

"आणि मग?" हे सिरीननं विचारलं. पहिल्यांदाच.

"मग गंमत. तिकडे विभागप्रमुखांनी विचारलं, वर्ग भरलाय, प्राध्यापक कुठे? तर आमचे सी तौफीक ओल्या विजारीनं माझ्या खिडकीशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, 'अम शादली, मलाही एक द्या.'"

सगळा डेक हसला. म्हातारीचा डबा लवंडला.

"वाऱ्याची चिठ्ठी? त्यांना?"

"त्यांनाच!"

"पण मग तुम्ही खोटं लिहून दिलंत," सिरीन म्हणाली. ती हसत नव्हती. "आणि त्या मुलीच्याही सगळ्या खोट्याच होत्या. म्हणजे तिला हजेरी मिळायला नको होती."

अम शादली सकाळपासून याच प्रश्नाची वाट पाहत होता. त्यानं तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. पेन थांबलं होतं.

आता दोन वाटा होत्या. खरं सांगावं, तर ज्या बाईची नोकरी कराराची, तिचं पितळ तो तिच्याच पोरांपुढे उघडं पाडणार. तेवढा हलकटपणा त्याच्यात नव्हता. आणि खोटं सांगावं, तर ते खोटं असं हवं की तिला त्यात सुखानं बसता यावं, गादीवर बसावं तसं. बसायचं की उठायचं, ते तिचं तिनं ठरवावं.

"खोटं? कोण म्हणतं खोटं?" तो म्हणाला. "मी सी तौफीकांच्या चिठ्ठीवर शिक्का मारला, आणि शिक्क्याची शाई वाळायच्या आत वारा सुटला! असा सुटला की धक्क्यावरचा कुत्रा पळत होता पुढे आणि जात होता मागे. लूद तीन दिवस बंद. तीन दिवस सी तौफीक त्या मुलीच्या घरी जवाचा कुसकुस आणि ऑक्टोपस खात बसले. म्हणून तर एवढे जाड झाले. त्यांची चिठ्ठी खरी ठरली. आणि त्या मुलीच्याही सगळ्या खऱ्याच होत्या. अकरा चिठ्ठ्या, अकराच्या अकरा दिवशी खराखुरा वारा. नियमात बसणारा. तिला कोणी काही फुकट दिलं नाही. नियमानं परीक्षेला बसली, नियमानं पास झाली. नियम म्हणजे नियम!"

"असं होय," सिरीन म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे वळली. "तिचं नशीब. वारा होता."

लूदचा वेग कमी झाला. खाली मोटारींची इंजिनं सुरू व्हायला लागली. धक्क्यावर दोर घेऊन माणसं उभी होती, आणि त्यांच्या मागचा झेंडा ओल्या विजारीसारखा लोंबत होता. पोरं पाठीवर पिशव्या अडकवू लागली. वाएल म्हणाला, "अम शादली, ऑक्टोपसपर्यंत ठीक होतं, पण कोंबडी जरा जास्त झाली."

अम शादली हसला नाही. तिसऱ्या बाकावर मादाम नजिया उत्तरपत्रिका गोळा करत होत्या. नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. गठ्ठा पिशवीत गेला. अम शादलीला वाटलं, बसली. गादीवर बसली. त्याच्या जन्मात त्यानं इतकं चांगलं खोटं कोणाला दिलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा त्याला वाटलं, ते कोणी घेऊ नये.

मग त्या पिशवीतून एक कागद बाहेर आला. एकच पान, वर कॉलेजचा शिक्का, खाली पाच-सहा नावं. मादाम नजियांनी तो मांडीवर सपाट केला, पेनाचं टोपण काढलं आणि मधल्या एका नावावर आडवी रेघ ओढली, पट्टीनं ओढावी तशी सरळ. उठल्या. पोरांच्या घोळक्यातून वाट काढत जाकिटांच्या पेटीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"खोटं!" त्या म्हणाल्या, साऱ्या डेकला ऐकू जाईल अशा आवाजात. "साफ खोटं, अम शादली! मडकी दोनशे नव्हती, अठ्ठेचाळीस होती. सी तौफीक काटकुळे होते. संध्याकाळच्या लूदनं परत गेले, वेळेवर. चिठ्ठ्या अकरा नव्हत्या, तेरा होत्या. आणि तेराच्या तेरा दिवशी या समुद्रावर मेणबत्ती विझेल एवढासुद्धा वारा नव्हता. मला विचारा. माझ्याच होत्या त्या."